महानायकांची वस्त्रे आणि त्यांच्या जखमा

आटगाव स्थानकाबाहेरच्या छोट्या दुकानांपासून मुरबाड तालुक्यातील म्हसा येथील यात्रेत लागणाऱ्या खेळण्यांच्या पालांपर्यंत कोठेही नजर टाकली, तरी मुलांच्या वस्तूंवर काही ठरावीक चेहरे आढळतात. कोणाच्या दप्तरावर लाल-निळ्या पोशाखातला स्पायडरमॅन असतो, कोणाच्या सदऱ्यावर सुपरमॅनचे इंग्रजी अक्षर असते, तर कोणाच्या तोंडावर बॅटमॅनचा काळा मुखवटा असतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात बारा प्रेषितांची नावे सांगताना अडखळणारे मूल या महानायकांपैकी कोणाची शक्ती कोणती आणि तो कशाने हतबल होतो, हे मात्र एका दमात सांगते. पालक यावर कधी कौतुकाने हसतात, कधी चिंता व्यक्त करतात. परंतु हसण्यापूर्वी वा चिंता करण्यापूर्वी या महानायकांचा इतिहास पाहणे उचित ठरेल. कारण ही पात्रे जन्मली तशी राहिलेली नाहीत. त्यांचे बळ वाढले आणि घटले, त्यांच्या दुर्बलता नव्याने शोधल्या गेल्या, त्यांची वस्त्रे बदलली. या प्रत्येक बदलामागे माणसांच्या आशा, भीती आणि बाजाराची गणिते दडलेली आहेत.

वेष धारण करून सामर्थ्य प्रकट करण्याची कल्पना आपल्या भागाला परकी नाही. शहापूर, मोखाडा, जव्हार या पट्ट्यातील आदिवासी बांधवांचा बोहाडा आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मशालींच्या उजेडात, संबळाच्या तालावर, गणपती, रावण, त्राटिका, जगदंबा अशी सोंगे रात्रभर नाचतात. मुखवटा चढवला की शेतात राबणारा माणूस त्या रात्रीपुरता निराळाच होतो. काही सोंगांचा मान विशिष्ट घराण्यांकडे असतो. बापानंतर मुलगा तोच मुखवटा धारण करतो. माणसे बदलतात, सोंग टिकते. पाश्चात्त्य चित्रकथांनी विसाव्या शतकात जे केले, त्याचे बीज अशा प्राचीन लोकपरंपरांतून सर्वत्र आढळते. फरक इतकाच की, बोहाड्याचे सोंग गावाचे असते आणि चित्रकथेतील नायक प्रकाशनसंस्थेच्या मालकीचा असतो.

बळाची वाढ

आधुनिक महानायकांच्या परंपरेचा प्रारंभ सामान्यतः सुपरमॅनपासून मानला जातो. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात राहणाऱ्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो निर्माण केला आणि १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात तो लोकांपुढे आला. दोघेही स्थलांतरित यहुदी कुटुंबांतील होते. १९३२ साली सीगलच्या वडिलांच्या दुकानात चोर शिरले आणि त्या प्रसंगी वडिलांचा मृत्यू झाला. ज्याच्या कातडीला बंदुकीची गोळी भेदू शकत नाही, अशा वीराची कल्पना पुढे याच मुलाच्या मनात यावी, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. विनाशाच्या तोंडी असलेल्या ग्रहावरून आईवडिलांनी छोट्याशा यानात घालून पाठविलेले बाळ म्हणजे सुपरमॅन. लव्हाळ्यांच्या टोपलीत नदीकाठी ठेवलेल्या बाळ मोशेची आठवण अनेक अभ्यासकांना येथे झाली, ती साहजिकच होय.

हा पहिला सुपरमॅन आजच्या मुलांना ओळखूही येणार नाही. त्याला उडता येत नव्हते. तो एका झेपेत सुमारे दोनशे मीटर अंतर कापी, वीस मजली इमारत ओलांडी, आगगाडीपेक्षा वेगाने धावे. मात्र तोफेचा गोळा फुटला तर त्याच्या देहाला इजा होण्याची शक्यता होती. त्याहून लक्षणीय म्हणजे त्याचे शत्रू. त्या काळी अमेरिका महामंदीच्या खाईतून वर येण्याची धडपड करीत होती. त्यामुळे पत्नीला मारहाण करणारा नवरा, लाचखाऊ राजकारणी, कामगारांच्या सुरक्षिततेची पर्वा न करणारा खाणमालक, हे त्याचे प्रतिस्पर्धी होते. १९३८ सालच्याच एका कथेत तो खाणमालकाला त्याच्याच खाणीत अडकवतो आणि मजूर दररोज कोणत्या भयात राबतात, याचा अनुभव त्याला घ्यावयास लावतो. हा नायक आपल्या तालुक्यात अवतरला असता, तर दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे ज्या वीटभट्ट्यांकडे स्थलांतर करतात, तेथे तो प्रथम पोचला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे त्याचे बळ वाढत गेले. १९४० साली त्याची नभोवाणी मालिका सुरू झाली आणि १९४१ साली त्याच्यावर चलच्चित्रे निघाली. पडद्यावर सतत उड्या मारणारा नायक विचित्र दिसू लागला, म्हणून त्याला उडवण्यात आले. नंतर त्याची दृष्टी भिंतीपलीकडे जाऊ लागली, श्वासाने वादळ उठू लागले. १९५० व १९६०च्या दशकांत तर तो ग्रहगोल हलवू लागला. या वाढत्या सामर्थ्याला कारणही नवनवे शोधले गेले. प्रथम सांगण्यात आले की, त्याच्या ग्रहावरची माणसेच शरीराने अधिक विकसित होती. मग पृथ्वीचे कमी गुरुत्वाकर्षण हे कारण पुढे आले. १९६०च्या सुमारास आपला पिवळा सूर्य हेच त्याच्या शक्तीचे मूळ असल्याचे ठरले.

बळ वाढले तसे शत्रूही बदलले. ग्रह हलवणाऱ्या वीराला खाणमालकाशी झुंजण्याचे प्रयोजन उरत नाही. त्याला अंतराळातले राक्षस हवेत. परिणामी शेजाऱ्यावर होणारा अन्याय त्याच्या कथांमधून हळूहळू मागे पडला. ज्या नायकाचा जन्म दुबळ्यांच्या कैवारासाठी झाला, तो प्रस्थापित व्यवस्थेचा रखवालदार होऊन बसला. सामर्थ्याच्या इतिहासात हे वारंवार घडते, मग ते सामर्थ्य राज्याचे असो, संपत्तीचे असो वा धर्मसंस्थेचे.

त्याच्या निर्मात्यांची कथाही येथे सांगितली पाहिजे. सीगल आणि शुस्टर यांनी आपल्या नायकाचे सर्व हक्क १३० डॉलरना विकले होते. नायकाने प्रकाशकांना अमाप संपत्ती मिळवून दिली आणि निर्माते मात्र उतारवयात विपन्नावस्थेत जगत होते. सार्वजनिक टीका झाल्यानंतर १९७५ साली त्यांना प्रत्येकी वर्षाकाठी वीस हजार डॉलर आणि कथेवर नाव देण्याचे मान्य झाले. बॅटमॅनच्या बाबतीतही असेच घडले. १९३९ साली बॉब केन यांच्याबरोबर तो घडविणाऱ्या बिल फिंगर यांना निर्माता म्हणून अधिकृत श्रेय मिळाले ते २०१५ साली, त्यांच्या निधनानंतर एकेचाळीस वर्षांनी. न्यायासाठी लढणाऱ्या कागदावरच्या वीरांना आपल्या जन्मदात्यांसाठी काही करता आले नाही.

दुर्बलतेचा शोध

सर्वशक्तिमान नायकाची एक अडचण असते. त्याची कथा पुढे सरकत नाही. ज्याला काहीच होऊ शकत नाही, त्याच्यासाठी वाचकाचा जीव टांगणीला लागत नाही. म्हणून १९४३ साली नभोवाणी मालिकेत ‘क्रिप्टोनाइट’ नावाचा पदार्थ आणण्यात आला. सुपरमॅनच्या नष्ट झालेल्या जन्मग्रहाचे ते तुकडे. त्यांच्या सान्निध्यात तो क्षीण होतो. १९४९ साली हा पदार्थ छापील चित्रकथांतही आला. पुढे त्याचा इतका वापर झाला की, हिरवा, तांबडा, सोनेरी असे त्याचे अनेक प्रकार निघाले. अखेर १९७१ साली लेखक डेनिस ओनील यांनी पृथ्वीवरील सर्व क्रिप्टोनाइटचे साध्या लोखंडात रूपांतर झाल्याचे दाखवले आणि त्याच वेळी नायकाची शक्तीही कमी केली. फार काळ हे टिकले नाही. शक्ती परतली आणि क्रिप्टोनाइटही परतले. १९८६ साली जॉन बर्न यांनी पुन्हा एकदा त्याला सौम्य केले.

इतरांच्या दुर्बलता तर आज वाचताना हसू येते. १९४० सालच्या ‘ग्रीन लँटर्न’ या नायकाची जादूची अंगठी लाकडापुढे निष्प्रभ ठरे. १९५९ साली त्याच नावाचा नवा नायक आला तेव्हा त्याची अंगठी पिवळ्या रंगापुढे हतबल होऊ लागली. १९४१ साली अवतरलेल्या ‘वंडर वुमन’ची शक्ती पुरुषाने तिच्या मनगटांतील कडी साखळीने जखडली की नाहीशी होई. स्त्रीला जखडणारी साखळी कोणाच्या हातात असते, याविषयी तिच्या निर्मात्याला काही सांगावयाचे होते, असे दिसते. १९६८ साली लेखकांनी तिची सर्व शक्ती आणि पोशाख काढून तिला साधी स्त्री केले. १९७३ साली दोन्ही परत देण्यात आले.

या सर्व दुर्बलतांत एक साम्य आहे. त्या बाहेरून येतात. खडा दूर केला, साखळी तोडली की नायक पूर्ववत होतो. त्याच्या अंतःकरणाला त्या दुर्बलतेतून काही शिकावे लागत नाही. १९६०च्या दशकात मात्र एक निराळी वाट चोखाळली गेली. १९६२ साली आलेला स्पायडरमॅन हा पोरका, पैशाच्या विवंचनेत असलेला शाळकरी मुलगा होता. आपण थांबवू शकलो असतो त्या चोराने आपल्याच काकांचा जीव घेतला, ही सल त्याला आयुष्यभर पुरते. १९६४ साली ‘डेअरडेव्हिल’ आला. हा अंध वकील. अपघातात दृष्टी गेली आणि इतर संवेदना विलक्षण तीक्ष्ण झाल्या. पुढे १९८०च्या दशकात लेखक-चित्रकार फ्रँक मिलर यांनी त्याच्या कॅथोलिक श्रद्धेला कथेत ठळक स्थान दिले. त्याची आई धर्मभगिनी झालेली आहे, हेही त्या काळातील एका कथेत सूचित होते. रात्री हाताने मारहाण करणारा आणि नंतर पापाच्या जाणिवेने अस्वस्थ होणारा हा नायक निर्दोष नाही. परंतु त्याची दुर्बलता हाच त्याच्या कथेचा गाभा आहे. येथे चित्रकथा प्रौढ झाली, असे मला वाटते.

वस्त्रांची भाषा

महानायकांच्या पोशाखामागे कित्येकदा तत्त्वज्ञानापेक्षा छापखान्याची अडचण असते. ‘हल्क’ हा १९६२ साली पहिल्या अंकात करड्या रंगाचा होता. स्वस्त छपाईत करडा रंग पानागणिक बदलू लागला, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. डेअरडेव्हिल प्रथम पिवळा होता, १९६५ साली सातव्या अंकापासून तांबडा झाला. सुपरमॅनच्या घट्ट पोशाखावरील तांबडी चड्डी सर्कशीतील पहिलवानांच्या वेषावरून आली. त्या काळच्या प्रेक्षकांना ती बळाची खूण वाटे. पुढच्या पिढ्यांना ती हास्यास्पद वाटू लागली. २०११ साली ती काढून टाकण्यात आली आणि २०१८ साली, ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकाच्या निमित्ताने, पुन्हा चढवण्यात आली!

मराठी वाचकांच्या दोन पिढ्यांना ज्या वेषधारी नायकाने वेड लावले तो मात्र ‘वेताळ’, म्हणजेच मूळचा फँटम. ली फॉक यांनी तो १९३६ साली, सुपरमॅनच्या दोन वर्षे आधी, निर्माण केला. फॉक यांच्या मनात त्याचा पोशाख करडा होता; १९३९ साली रविवारच्या रंगीत पानांत तो जांभळा छापला गेला आणि जांभळाच राहिला. स्वीडनमध्ये तो निळा, तर इटलीत तांबडा झाला. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केली, ती याच्याच कथेने. १९९० साली ती मालिका बंद पडेपर्यंत मराठीसह अनेक भारतीय भाषांतून हा वीर घरोघरी पोचला होता. भारतीय वाचकांना खटकू नये म्हणून मूळ कथेतील भारतीय वळणाची नावेही बदलली गेली. समुद्री चाचे ‘सिंग’चे ‘सिंगा’ झाले आणि प्रदेशाचे नाव ‘डेंकाली’ ठेवले गेले. मराठी माणसाला वेताळ हा शब्द गावकुसाबाहेरच्या देवतेमुळे आणि विक्रमराजाच्या खांद्यावरील कथेकऱ्यामुळे परिचित होताच. परक्या वीराने आपल्या लोककथेतील नाव पांघरले आणि तो आपला झाला.

वेताळाला अलौकिक शक्ती नाही. त्याची सारी ताकद ‘न मरणारा’ या आख्यायिकेत आहे; प्रत्यक्षात तो मरतो आणि मुलगा तोच मुखवटा धारण करतो. १५३६ सालापासून चालत आलेल्या या घराण्यातील तो एकविसावा. बोहाड्याच्या मुखवट्याशी असलेले हे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे. जंगलातील भोळ्या रहिवाशांवर अधिकार गाजवणारा गोरा पुरुष, हे त्याचे मूळ रूप वसाहतवादाच्या काळाला शोभणारे होते. १९६०च्या दशकात आफ्रिकेतील देश स्वतंत्र होऊ लागले, तेव्हा फॉक यांनी त्या कल्पित देशालाही लोकांनी निवडलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष दिला. १९७७ साली वेताळाचा विवाह झाला. त्याची पत्नी डायना संयुक्त राष्ट्रसंघात काम करणारी होती. पोशाख तोच राहिला, पण तो घालणारा माणूस काळाबरोबर चालला.

१९७६ साली त्याच ‘इंद्रजाल’मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची. अंगात भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. तो डाकूचा मुलगा. ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून बापाचा मृत्यू झाला, त्यानेच त्याला वाढवले. सूडाने सुरू होऊ शकणारी कथा येथे नागरिकांच्या संरक्षणदलाकडे वळते. मुखवटा नाही, मंत्र नाही. गावकऱ्यांना एकत्र आणणे हेच त्याचे बळ. १९८६ साली हिंदीत आलेल्या ‘नागराज’च्या आरंभीच्या अनेक कथांची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीक यांनी काढली. दहशतवाद्यांनी शस्त्र म्हणून घडवलेला हा नायक पुढे त्यांच्याविरुद्धच उभा राहतो. १९९७ साली दूरदर्शनवर ‘शक्तिमान’ अवतरला आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगू लागला.

आपल्या परिसराला सर्वांत जवळचा वाटावा असा वेषबदल मात्र २००४ साली झाला. त्या वर्षी स्पायडरमॅनचा भारतीय अवतार प्रसिद्ध झाला. नायकाचे नाव पवित्र प्रभाकर. दूरच्या खेड्यातून शिष्यवृत्ती मिळवून, मायाकाकू आणि भीमकाका यांच्यासह तो मुंबईत शिकावयास येतो. त्याच्या गावंढळ कपड्यांवरून शहरी मुले त्याला छळतात. अमेरिकेत किरणोत्सर्गी कोळी चावल्याने जी शक्ती मिळाली, ती येथे एका योग्याकडून मिळते. आणि स्पायडरमॅनच्या परिचित सदऱ्याखाली पवित्र धोतर नेसतो! त्या वेळी अनेकांना हा प्रकार केवळ गमतीचा वाटला. परंतु कसारा लोकल पकडून कल्याण-ठाण्याच्या महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना बोलीवरून, कपड्यांवरून, आडनावावरून काय ऐकावे लागते, हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या धोतराचा अर्थ उमगेल. ज्या वस्त्रावरून हिणवले, तेच वस्त्र नायकाच्या गणवेषाचा भाग झाले. २०२३ साली हाच पवित्र एका गाजलेल्या अमेरिकी चलच्चित्रपटात झळकला, तेव्हा त्याचे रूप पुन्हा बदलले होते. तो आता आत्मविश्वासाने भरलेला, हसतमुख शहरी तरुण होता.

ख्रिस्तसभेची भूमिका

चित्रकथांविषयी ख्रिस्ती समाजाची भूमिका काय होती, हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील बिशपांनी १९३८ साली, म्हणजे सुपरमॅनच्या जन्मवर्षीच, अनुचित वाङ्मयाविरुद्ध एक राष्ट्रीय संघटना स्थापन केली. पुढे चित्रकथाही तिच्या कक्षेत आल्या. १९४८ साली न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळकरी मुलांनी गोळा केलेल्या चित्रकथांची होळी करण्यात आली. अशा होळ्यांत काही ठिकाणी कॅथोलिक शाळांचाही पुढाकार होता. महायुद्धात पुस्तके जाळणाऱ्या राजवटीचा पाडाव होऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती, हे स्मरले म्हणजे मन खिन्न होते. १९५४ साली मानसोपचारतज्ज्ञ फ्रेड्रिक वर्थम यांच्या ग्रंथाने खळबळ उडवली आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्या काळच्या काही चित्रकथांतील क्रौर्य खरोखरच किळसवाणे होते, हेही नाकारता येत नाही.

परंतु याच काळात दुसराही मार्ग चोखाळला जात होता. १९४६ ते १९७२ या काळात अमेरिकेतील कॅथोलिक शाळांतून ‘ट्रेझर चेस्ट’ नावाचे चित्रकथांचे नियतकालिक वाटले जाई. संतांची चरित्रे, विज्ञान, साहस असे त्याचे स्वरूप होते. १९६४ साली त्यात राष्ट्राध्यक्षपदाच्या एका काल्पनिक उमेदवाराची मालिका आली. अंकामागून अंक उमेदवाराचा चेहरा दाखवला नाही. त्याचे विचार आणि कर्तृत्व तेवढे वाचकांपुढे आले. शेवटच्या चित्रात मुलांना कळले की, ज्याला आपण मनोमन निवडून दिले तो कृष्णवर्णीय आहे. कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काचा कायदा तेथे होण्यापूर्वीची ही गोष्ट. होळीने जे साधले नसते ते एका चेहऱ्याच्या झाकण्याने आणि उघडण्याने साधले.

आपल्याच चित्रांचा इतिहास

महानायकांचे वेष बदलतात म्हणून त्यांना हसणाऱ्या आपण, आपल्या वेदीवरील चित्रांचाही इतिहास आठवावा. रोमच्या भूमिगत दफनभूमीत, तिसऱ्या शतकातील भिंतींवर, प्रभू येशू दाढी नसलेला तरुण मेंढपाळ म्हणून रंगवलेला आहे. दाढीधारी, गंभीर मुद्रेचा ख्रिस्त पुढच्या शतकांत रूढ झाला. क्रूसावरील येशूचे चित्रण तर प्रथम फार क्वचित होई. रोममधील संत सबिना यांच्या मंदिराच्या लाकडी दारावर सुमारे ४३० सालचे एक कोरीवकाम आहे, ते अगदी आरंभीच्या चित्रणांपैकी एक. त्यानंतर कित्येक शतके क्रूसावरचा ख्रिस्त डोळे उघडे ठेवून, ताठ, विजयी राजासारखा दाखवला जाई. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जर्मनीतील कलोन येथील प्रधान मंदिरातील क्रूसावर, मान खाली गेलेला, डोळे मिटलेला, वेदनेने वाकलेला येशू भव्य आकारात प्रकटला. ख्रिस्ती कलेची वाट येथे चित्रकथांच्या उलट दिशेने गेली. चित्रकथा नायकाचे बळ वाढवीत राहिल्या. ख्रिस्ती कला आपल्या प्रभूची दुर्बलता अधिकाधिक निर्भयपणे दाखवू लागली.

वेषांतराची भीती आपल्या पूर्वसूरींना वाटली नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात राहून तारणाची कथा मराठी ओवीत गुंफली आणि १६१६ साली ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. पुराणे ऐकत वाढलेल्या नवख्रिस्ती कुटुंबांना त्यांच्याच कानाला ओळखीच्या लयीत ही कथा हवी होती. स्टीफन्स यांनी स्वर्गाला वैकुंठ म्हटले, ओवीचे वस्त्र दिले. आतला प्रभू तोच राहिला. कोणते वस्त्र बदलावे आणि कोणता गाभा जपावा, याचा विवेक त्यांच्याकडे होता.

वेताळाच्या मूळ पुरुषाचे नाव क्रिस्तोफर आहे, ही गोष्ट आपल्या वाचकांना मौजेची वाटेल. संत क्रिस्तोफर यांची आख्यायिका तेराव्या शतकातील संतचरित्रांच्या संग्रहातून जगभर पसरली. हा अवाढव्य देहाचा बलिष्ठ पुरुष जगातील सर्वांत सामर्थ्यवान राजाची चाकरी शोधीत निघाला. राजा सैतानाला भितो असे दिसले, म्हणून तो सैतानाकडे गेला. सैतान क्रूसाला भितो असे दिसले, म्हणून तो ख्रिस्ताच्या शोधात निघाला. एका तपस्व्याने त्याला नदीतून वाटसरूंना पार नेण्याचे काम दिले. एके रात्री त्याने एका बालकाला खांद्यावर घेतले, आणि मध्यप्रवाहात ते बालक इतके जड झाले की त्याचे गुडघे डगमगू लागले. ते बालक ख्रिस्त होते. पौर्वात्य चित्रांत या संताला कधी श्वानमुखी दाखवले आहे, पाश्चात्त्य चित्रांत काठी घेतलेला दैत्य, तर आज तो मोटारीतील छोट्या पदकावर विसावला आहे. १९६९ साली दिनदर्शिकेच्या सुधारणेत त्याचा सण सार्वत्रिक यादीतून काढून स्थानिक समाजांवर सोपवण्यात आला. वेष, स्थान, मान सारे बदलले. एका बालकाच्या ओझ्याखाली बलवंताचे वाकणे मात्र बदललेले नाही.

मुलांना काय सांगावे

१९९२ साली प्रकाशकांनी सुपरमॅनला मारले. तो अंक लाखोंच्या संख्येने खपला. १९९३ साली तो परत आला; केस वाढले होते आणि प्रारंभी पोशाख काळा होता. काही काळाने केसही कापले गेले आणि जुना पोशाखही परतला. मरणाची एकही खूण त्याच्या देहावर उरली नाही. संत योहानाच्या शुभवर्तमानात पुनरुत्थित प्रभू बंद दारांच्या खोलीत येतो, तेव्हा शंका घेणाऱ्या थोमाला तो आपले हात आणि कूस दाखवतो. मृत्यूवर जय मिळाला, तरी जखमा पुसल्या गेल्या नाहीत. त्याच जखमांवरून शिष्यांनी त्याला ओळखले.

अरण्यातील मोहाचा प्रसंगही मुलांबरोबर या दृष्टीने वाचून पाहावा. दगडाची भाकर करणे, मंदिराच्या शिखरावरून उडी घेऊन सुखरूप राहणे, साऱ्या राज्यांवर सत्ता गाजवणे, ही तीनही कामे कोणताही महानायक आनंदाने करील. येशूने तिन्हींना नकार दिला. क्रूसाखाली उभ्या असलेल्यांनी त्याला खाली उतरून सामर्थ्य दाखवण्याचे आव्हान दिले, तेव्हाही तो उतरला नाही. संत पौलाने आपल्या देहातील काटा दूर व्हावा म्हणून तीनदा याचना केली आणि तो काटा तसाच राहिला. पौलाने करिंथकरांना लिहिताना आपली ही उणीव लपवली नाही.

यासाठी मुलांच्या हातातील चित्रकथा हिसकावून घेण्याची गरज नाही. त्यांच्याजवळ बसून तीन प्रश्न विचारावेत. हा वीर आपली शक्ती कोणासाठी वापरतो? त्याची दुर्बलता त्याला काय शिकवते? पोशाख काढल्यावर त्याच्यात काय उरते? मुले या प्रश्नांची उत्तरे फार चांगली देतात. आणि मग चौथा प्रश्न विचारावा: ज्या तालुक्यातील तानसा, वैतरणा आणि भातसा या धरणांचे पाणी मुंबईची तहान भागवते, त्याच तालुक्यात चैत्र-वैशाखात हंडे घेऊन टँकरची वाट पाहणाऱ्या मायबहिणींसाठी, वीटभट्टीवर गेल्यामुळे शाळा सुटलेल्या सवंगड्यासाठी, १९३८ सालचा तो न उडणारा सुपरमॅन काय करील? उत्तर मिळाले की त्या कामासाठी कोणता विशेष पोशाख लागतो, हेही मुलांनाच ठरवू द्यावे.